बत्तीस खुणांचा पत्ता

इंदूरहून बेळगावास पत्र धाडावयाचे झाले, तर नाव, पेठ आणि गाव लिहून झाल्यावर शेवटी ५९०००१ हे सहा आकडे लिहिण्याची आता सर्वांना सवय झाली आहे. ही पद्धत भारतात १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली. आणि ती आखणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी पंडित व कवी होते, ही गोष्ट मराठी माणसाने आवर्जून ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या सहा आकड्यांतील पहिला देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा, आणि उरलेले तीन टपालघर. म्हणजे पणजीचा ४०३००१, बडोद्याचा ३९०००१, ग्वाल्हेरचा ४७४००१ किंवा हैदराबादचा ५००००१ हे नुसते अनुक्रमांक नव्हेत. ते डावीकडून वाचीत गेले म्हणजे पत्र आपोआप मुक्कामाजवळ येत जाते. चांगल्या पत्त्याचे लक्षण हेच की, तो केवळ ओळख पटवीत नाही, तर वाटही दाखवितो.

जगातील संगणकांनी एकमेकांशी पत्रव्यवहार करावयाचे ठरविले, तेव्हा त्यांनाही असा पत्ता लागला. त्या पत्त्याचा इतिहास जेमतेम अर्धशतकाचा आहे. पण त्यात दूरदृष्टी आहे, अदूरदृष्टी आहे, आधी आलेल्यांची चंगळ आहे आणि मागून आलेल्यांची ओढाताणही आहे. ज्या इंटरनेटवर आज बँका, रेल्वेची तिकिटे आणि शाळांचे निकाल चालतात, त्याच्या पायाशी असलेली ही गोष्ट सामान्य वाचकानेही समजून घेण्याजोगी आहे.

पाकिटांची कल्पना

एके काळी ट्रंक कॉल लावणे म्हणजे काय असे, हे वडीलधाऱ्या मंडळींना सांगावयास नको. बोलणारे दोघे गप्प राहिले तरी त्यांच्यामधील तार त्यांच्याचसाठी अडकून पडे, आणि दुसऱ्या गरजूला ताटकळत बसावे लागे. माणसांच्या संभाषणाला ही व्यवस्था चालली. संगणकांना ती परवडणारी नव्हती. कारण संगणक क्षणभर भडाभडा बोलतो आणि मग बराच वेळ मौन धरतो.

यावरचा उपाय १९६० नंतरच्या दशकात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचला. अमेरिकेत रँड या संस्थेतील पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणांत असे मांडले की, मध्यवर्ती केंद्र नसलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे दळणवळण उभारावे आणि निरोपाचे लहान लहान तुकडे करून ते मिळेल त्या वाटेने पाठवावेत. एक गाठ तुटली तरी निरोप दुसरीकडून जाईल. त्यानंतर थोड्याच दिवसांत इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डोनाल्ड डेव्हिस याच कल्पनेपाशी येऊन पोहोचले, आणि या तुकड्यांना त्यांनी ‘पॅकेट’ हे नाव दिले. पाकीट म्हटले की वर पत्ता आलाच. लांबलचक मजकुराची शंभर पाकिटे केली, तर शंभरही पाकिटांवर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहावा लागतो. कारण प्रत्येक पाकीट स्वतंत्र प्रवासाला निघालेले असते.

बॅरन यांच्या मनात अणुयुद्धाची भीती होती, हे खरे. परंतु त्यामुळे अमेरिकेचे पहिले संगणकजाळे अणुयुद्धासाठीच विणले गेले असा जो समज सर्वत्र पसरला आहे, तो यथार्थ नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि त्याची धास्ती घेऊन पुढील वर्षी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ‘आर्पा’ ही संशोधनसंस्था काढली. या संस्थेच्या पैशाने निरनिराळ्या विद्यापीठांत महागडे संगणक आले. मात्र एकाचा उपयोग दुसऱ्याला करता येईना. प्रत्येक संगणकाशी बोलावयाला निराळे यंत्र आणि निराळी भाषा लागे. हा खर्च आणि हा त्रास वाचविण्याच्या व्यावहारिक हेतूने आर्पाचे रॉबर्ट टेलर यांनी १९६६ मध्ये जाळ्याची योजना हाती घेतली आणि लॅरी रॉबर्ट्‌स यांनी ती आखली. १९६९ च्या २९ ऑक्टोबरला लॉस अँजेलिसच्या विद्यापीठातून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला निरोप निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. पण पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभराने संपूर्ण शब्द गेला. वर्षअखेरीस या ‘आर्पानेट’वर चार ठिकाणे जोडली गेली होती.

त्याच वर्षीच्या एप्रिलात आणखी एक लहानशी पण दूरगामी गोष्ट घडली होती. जाळ्याचे नियम ठरविण्याचे काम तरुण विद्यार्थ्यांकडे आले होते. आपण वडिलधाऱ्यांवर हुकूम काढतो आहोत असे कोणास वाटू नये, म्हणून स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या टिपणाला ‘अभिप्रायासाठी विनंती’ असे नम्र नाव दिले. तेच नाव पुढे रूढ झाले. आज या टिपणांची संख्या नऊ हजारांच्या पुढे गेली आहे. कोणालाही ती विनामूल्य वाचता येतात. इंटरनेटचे बहुतेक सारे कायदेकानू अशा विनंतीच्या स्वरूपातच लिहिलेले आहेत.

जाळ्यांचे जाळे

आर्पानेटवरचा पहिला पत्ता अगदी आखूड होता. त्यात आठ खुणा होत्या. संगणकाच्या लेखी खूण म्हणजे शून्य किंवा एक, यांपैकी एक अंक. या आठांपैकी सहा खुणा ठिकाण सांगत आणि दोन खुणा त्या ठिकाणचा संगणक. म्हणजे ठिकाणे ६४ आणि प्रत्येक ठिकाणी फार तर चार संगणक. चार ठिकाणांनी सुरुवात झालेल्या जाळ्याला ही सोय ऐसपैस वाटली, यात नवल नाही.

पुढे आकाशवाणीच्या लहरींवरून चालणारे एक जाळे झाले, उपग्रहावरून चालणारे दुसरे झाले, फ्रान्समध्ये लुई पूझँ यांनी ‘सिक्लाद’ नावाचे तिसरे उभारले. प्रत्येकाची रीत वेगळी. ही जाळी एकमेकांस कशी जोडावीत, हा प्रश्न १९७३ मध्ये रॉबर्ट कान आणि व्हिंटन सर्फ यांनी हाती घेतला आणि १९७४ च्या मे महिन्यात त्यांचा प्रसिद्ध प्रबंध छापून आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: प्रत्येक जाळ्याने आपल्या घरात आपल्या रीतीने वागावे, मात्र वेशीबाहेर जाणाऱ्या पाकिटावरचा मजकूर सर्वांना वाचता येईल अशा एकाच नमुन्याचा असावा. वेशीवर एक द्वारपाल यंत्र बसवावे. त्याने पाकिटावरचा पत्ता पाहावा, आतला मजकूर उघडू नये, आणि पाकीट पुढच्या वेशीकडे सोडावे. यालाच पुढे ‘राऊटर’ हे नाव मिळाले.

या प्रबंधात जाळ्याच्या क्रमांकासाठी आठ खुणा, म्हणजे एकंदर २५६ जाळी धरली होती आणि नजीकच्या भविष्यात ती पुरतील असा निर्वाळाही लेखकांनी दिला होता. हा अंदाज आज वाचताना हसू येईल. पण त्या काळी एक जाळे म्हणजे एखाद्या राष्ट्राने किंवा मोठ्या संस्थेने चालविलेली व्यवस्था अशीच समजूत होती. घरोघरी आणि खिशोखिशी संगणक असेल ही कल्पना तेव्हा कादंबरीतच शोभली असती.

१९७७ च्या २२ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियातील एका धावत्या मोटारीतून निघालेली पाकिटे लहरींवरून आर्पानेटवर, तेथून उपग्रहमार्गे युरोपात आणि परत कॅलिफोर्नियात अशी तीन भिन्न जाळी ओलांडून सुखरूप पोहोचली, आणि जाळ्यांचे जाळे विणता येते हे सिद्ध झाले. त्याच सुमारास नियमावलीचे दोन भाग करण्यात आले. पत्ता पाहून पाकीट पुढे ढकलण्याचे काम ‘इंटरनेट प्रोटोकॉल’ अर्थात आयपीकडे आले, आणि मजकूर धडपणे पोहोचल्याची खातरजमा करण्याचे काम टीसीपीकडे राहिले.

ही कामाची वाटणी टपालाच्या उदाहरणाने चांगली उमगते. आयपी म्हणजे साधे टपाल. तो पाकीट नेण्याचा प्रयत्न करतो, पण हमी देत नाही. पाकीट वाटेत हरवेल, मागचे पुढे पोहोचेल, एकाची दोन होतील. त्याला त्याची फिकीर नाही. टीसीपी मात्र दोन्ही टोकांना बसलेल्या दक्ष कारकुनासारखा असतो. तो पाकिटांवर अनुक्रम घालतो, पोच मागतो, ठरावीक वेळेत पोच आली नाही तर नक्कल पुन्हा पाठवितो, आणि पलीकडे सर्व पाकिटे क्रमाने लावून मजकूर सलग करतो. वाटेतील राऊटरांना यांतले काहीच करावे लागत नाही. मनमाडच्या स्थानकावर टपालाच्या थैल्या निवडणाऱ्या माणसाला बेळगावची गल्ली ठाऊक असण्याचे कारण नसते. थैली कोणत्या गाडीत टाकावयाची एवढे कळले की पुरे. राऊटरही संपूर्ण वाट जाणत नाही, फक्त पुढचा टप्पा जाणतो. या अज्ञानातच व्यवस्थेचे बळ आहे. मधली यंत्रे साधी राहिली, म्हणून ती जगभर झपाट्याने बसविता आली.

चार अब्जांचे गणित

पत्ता किती लांबीचा असावा, यावर मात्र बराच खल झाला. कोणी म्हणे, लांबी वाटेल तशी कमीअधिक ठेवावी; कोणी म्हणे, १२८ खुणा असाव्यात; कोणाला ३२ पुरेशा वाटल्या. लांबी बदलती ठेवली तर पत्ता वाचण्यातच संगणकाचा वेळ जाईल, आणि १२८ खुणांचा पत्ता लहानशा पाकिटावर भारंभार होईल, अशा हरकती निघाल्या. अखेर सर्फ यांनी ३२ खुणांच्या बाजूने निर्णय दिला. हा एक प्रयोग आहे आणि यशस्वी ठरला तर मागाहून कायमची व्यवस्था करता येईल, अशी त्यांची धारणा होती, हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले आहे. तो प्रयोग मात्र संपलाच नाही. १९८१ च्या सप्टेंबरात जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली नियमावली प्रसिद्ध झाली आणि ३२ खुणांचा पत्ता शिलालेखासारखा कायम झाला.

बत्तीस खुणांनी किती पत्ते होतात? बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी दुप्पट मांडीत गेल्याची गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या पटाच्या तेहेतिसाव्या घरात जितके दाणे पडतात तितकेच हे पत्ते, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. माणसांच्या सोयीसाठी या बत्तीस खुणांचे आठ-आठांचे चार गट पाडून प्रत्येक गट शून्य ते २५५ यांमधील आकड्याने लिहितात आणि मध्ये टिंब देतात. सव्वाचार अब्ज ही संख्या तेव्हा अफाट वाटली. परंतु १९८१ साली पृथ्वीवरील माणसेच साडेचार अब्जांच्या घरात होती. दर माणशी एक पत्ताही त्यात बसत नव्हता, ही साधी वजाबाकी कोणास महत्त्वाची वाटली नाही.

नव्या नियमांकडे जावयाचे तर जुने सोडावे लागणार होते. त्यासाठी १९८३ ची १ जानेवारी ही तारीख मुक्रर झाली. चालढकल करणाऱ्यांना इशारा म्हणून १९८२ मध्येच आर्पानेटवरची जुनी पद्धत एक दिवस, आणि नंतर पुन्हा दोन दिवस, बंद ठेवून दाखविण्यात आली. ठरल्या दिवशी सुमारे चारशे संगणकांनी कात टाकली. धांदल पुष्कळ झाली, कित्येक ठिकाणी काम महिने दोन महिने रेंगाळले. आणि या संक्रमणातून आपण तगलो, असे लिहिलेले बिल्ले काही मंडळींनी हौसेने छातीवर लावले. एका तारखेला साऱ्या जाळ्याने एकदम पद्धत बदलण्याची इतिहासातील ती पहिली वेळ, आणि आजवर तरी शेवटची. चारशे संगणकांना तारीख देता येते. अब्जावधींना देता येत नाही. पुढच्या सर्व अडचणींचे मूळ या एका वाक्यात आहे.

सढळ हाताची वाटणी

पत्त्यांची वाटणी कशी करावयाची? नियमकर्त्यांनी तीन आकाराच्या जागा आखल्या. मोठ्या जागेत १,६७,७७,२१६ पत्ते, मधल्या जागेत ६५,५३६ आणि लहान जागेत २५६. मोठ्या जागा फक्त १२८. पण एकंदर पत्त्यांपैकी निम्मे त्यांच्याच पोटात गेले. या जागा ज्यांनी प्रथम मागितल्या त्यांना मिळाल्या. आयबीएमला ९ हा क्रमांक मिळाला, झेरॉक्सला १३, मॅसॅच्युसेट्‌सच्या तंत्रविज्ञान संस्थेला १८, फोर्ड मोटार कंपनीला १९. एकेका विद्यापीठाच्या किंवा कारखान्याच्या हाती सुमारे पावणेदोन कोटी पत्ते आले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. माळावर पहिली चार घरे बांधणाऱ्यांना कुंपण घालताना जमिनीचा हात आखडता घ्यावा असे सुचत नाही. पुढे तेथे शहर वसले म्हणजे मग त्या कुंपणाची किंमत सर्वांना कळते.

ही सारी नोंदवही वर्षानुवर्षे जॉन पोस्टेल या एकाच माणसाने सांभाळली. दाढीधारी, साधा, अबोल असा हा शास्त्रज्ञ दक्षिण कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत बसून कोणता क्रमांक कोणाचा हे लिहून ठेवी. त्याच्या शब्दाखेरीज दुसरा अधिकार कित्येक वर्षे नव्हता, आणि त्या शब्दावर जगाचा विश्वास होता. १९९८ च्या १६ ऑक्टोबरला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पोस्टेल निवर्तले, तेव्हा सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख ‘अभिप्रायासाठी विनंती’च्या मालिकेतच २४६८ व्या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास हे काम ‘आयकॅन’ या नव्या संस्थेकडे गेले. खंडोखंडी पत्ते वाटण्यासाठी मंडळे निघाली, त्यांपैकी आशिया व प्रशांत विभागाचे ‘एपनिक’ १९९३ मध्ये स्थापन झाले होते.

तीन ठरावीक आकारांतला दोष लौकरच उघड झाला. एखाद्या संस्थेत तीनशे संगणक असले तर २५६ ची जागा अपुरी पडे; मग ती ६५,५३६ ची जागा घेई आणि पासष्ट हजारांवर पत्ते पडीक राहत. शिंप्याकडे केवळ तीनच मापांचे सदरे असावेत तसा हा प्रकार होता. १९९३ मध्ये ही मापे रद्द झाली. जाळ्याचा भाग कोठे संपतो आणि संगणकाचा कोठे सुरू होतो, ही रेघ बत्तीस खुणांत कोठेही मारण्याची मुभा मिळाली. तीनशे संगणकांना आता ५१२ पत्त्यांची जागा पुरू लागली. शिवाय शेजारशेजारच्या अनेक जागा एकाच नोंदीखाली आणता येऊ लागल्याने राऊटरांच्या फुगत चाललेल्या याद्याही आटोक्यात आल्या.

दुसरा उपाय १९९४ च्या सुमाराचा. इंदूर-ग्वाल्हेरकडचे जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो चटकन समजेल. वाड्यात बिऱ्हाडे वीस, पण रस्त्यावरचा पत्ता एकच. दिंडीदरवाजावरचा माणूस कोणत्या बिऱ्हाडाचे पत्र बाहेर गेले हे टिपून ठेवतो आणि उत्तर आले की त्या बिऱ्हाडात पोहोचवितो. घरगुती वा कचेरीतल्या जाळ्यात हेच होते. आतल्या संगणकांना खासगी पत्ते असतात. ते बाहेर चालत नाहीत, म्हणूनच घरोघरी तेच तेच पुन्हा वापरता येतात. या खासगी पत्त्यांत १० या आकड्याने सुरू होणारी एक संपूर्ण मोठी जागा आहे. ती मुळात खुद्द आर्पानेटची. १९९० मध्ये आर्पानेट कायमचे बंद झाले आणि त्याची रिकामी जागा सर्वांच्या घरगुती उपयोगासाठी मोकळी झाली. आजही असंख्य कचेऱ्यांतील संगणक, आपण कोणाच्या जुन्या घरात राहतो आहोत हे न जाणता, त्या पूर्वजाचा क्रमांक मिरवीत असतात.

या युक्तीने कालहरण झाले, पण तिची किंमतही मोजावी लागली. वाड्यातील माणसाला बाहेरून कोणी आपण होऊन पत्र पाठवू शकत नाही. मोबाईल कंपन्यांनी तर हजारो ग्राहक एकाच पत्त्यामागे बसविले. तेव्हा गुन्ह्याच्या तपासात एखादा पत्ता सापडला तरी त्यामागचा माणूस नेमका कोण, हे दरवाजावरची टिपणे तपासल्याखेरीज सांगता येईना.

मागून आलेल्यांची गोष्ट

भारतात संगणकजाळ्याचे काम १९८६ मध्ये ‘एर्नेट’ या प्रकल्पाने सुरू झाले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने तो काढला होता आणि त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा भाग होता. मुंबई हे त्या आरंभीच्या जाळ्याचे एक महत्त्वाचे ठाणे होते. सामान्य नागरिकाला मात्र १९९५ च्या १५ ऑगस्टपर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे इंटरनेटची सेवा खुली केली. म्हणजे ज्या तारखेला टपालाचा पिन क्रमांक आला होता, त्याच तारखेला तेवीस वर्षांनी हा नवा पत्ताही आला. परंतु तोवर सढळ वाटणीचा काळ सरला होता. मोठ्या जागा केव्हाच वाटून झाल्या होत्या.

या मागून येण्याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. अमेरिकेच्या वाट्याला दीड अब्जाहून अधिक पत्ते आले, म्हणजे माणशी चारपाच. भारताच्या वाट्याला चार कोटींच्या आसपास आले, म्हणजे पस्तीस माणसांत सुमारे एक. टंचाई आली तशी खरेदीविक्रीही आली. २०११ मध्ये दिवाळे निघालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरांना घेतले; पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर पडले. मॅसॅच्युसेट्‌सच्या त्या संस्थेनेही २०१७ मध्ये आपल्या जागेचा मोठा हिस्सा विकावयास काढला. जे फुकट वाटले गेले, ते असे सोन्याच्या मोलाचे झाले.

२०११ च्या ३ फेब्रुवारीला मध्यवर्ती कोठारातील शेवटच्या पाच मोठ्या जागा पाच खंडमंडळांना एकेक वाटून कोठाराला कुलूप लागले. त्याच वर्षीच्या १५ एप्रिलला एपनिकही आपल्या अखेरच्या जागेवर आले. उत्तर अमेरिकेचा साठा २०१५ मध्ये संपला, युरोपचा २०१९ मध्ये.

खरा उपाय तोपर्यंत कागदावर येऊन बरीच वर्षे झाली होती. १९९५ च्या डिसेंबरात नव्या पत्त्याची नियमावली प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९९८ मध्ये ती सुधारून निघाली. जुनी आवृत्ती चौथी आणि नवी सहावी. मधला पाच हा क्रमांक आधीच एका निराळ्या प्रयोगाला देऊन झाला होता. नव्या पत्त्यात १२८ खुणा आहेत. बुद्धिबळाच्या हिशेबाने सांगावयाचे तर दोन अख्खे पट संपून तिसऱ्या पटाच्या पहिल्या घरात जे दाणे पडतील, तितके हे पत्ते. ती संख्या एकोणचाळीस आकडी आहे. १९७७ मध्ये भारंभार म्हणून जी लांबी नाकारली गेली होती, तीच अठरा वर्षांनी स्वीकारावी लागली.

पण जुन्या पाकिटावर पत्त्यासाठी बत्तीस खुणांचीच चौकट छापलेली; नवा पत्ता तीत मावत नाही आणि जुन्या यंत्राला तो वाचता येत नाही. म्हणून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवाव्या लागतात, आणि जो आधी बदलतो त्याला खर्च जास्त व लाभ कमी. ज्यांच्या कोठारात जुने पत्ते मुबलक होते त्यांना घाई नव्हती. घाई होती ती ज्यांची झोळी रिकामी होती त्यांना. २०१६ मध्ये रिलायन्स जिओने आपले मोबाईलचे नवे जाळे उभारले ते नव्या पत्त्यांवरच. कोट्यवधी ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते मिळणे शक्यच नव्हते. इतरांनाही त्याच वाटेने जावे लागले. त्याचा परिणाम असा की, ज्या देशाच्या वाट्याला जुने पत्ते तुटपुंजे आले, तोच भारत नव्या पत्त्यांच्या वापरात जगातील आघाडीच्या देशांत येऊन बसला. येथील दोनतृतीयांशाहून अधिक वापरकर्त्यांपर्यंत ते पोहोचले आहेत. साऱ्या जगाचा विचार केला तर हे प्रमाण २०२५ च्या सुमारास गुगलच्या मोजणीत निम्म्याच्या जवळपास आले होते. तीस वर्षांत निम्मी मजल झाली आहे.

आकड्यांचे हे राज्य सामान्य माणसाला दिसत नाही, कारण १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आकड्यांवर नावांचा पडदा टाकला. माणूस नाव लिहितो. नावांची जागतिक नोंदवही त्याचा आकडा शोधून देते. ही नावे दीर्घकाळ रोमन लिपीतच असत. २०१४ च्या २७ ऑगस्टला देवनागरीतील ‘.भारत’ हे नामचिन्ह सुरू झाले, आणि मराठी व कोकणी या भाषांनाही आपल्या अक्षरांत इंटरनेटवर नाव नोंदविण्याची वाट खुली झाली. त्या वाटेवर अजून वर्दळ थोडी आहे. वाट असूनही वापर नसेल तर दोष वाटेचा म्हणता येणार नाही.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट प्रकर्षाने नजरेस येते. ज्यांनी बत्तीस खुणा ठरविल्या ते मूर्ख नव्हते, आणि ज्यांनी मोठ्या जागा घेतल्या ते लोभी नव्हते. त्यांनी आपल्यासमोरच्या माणसांची सोय पाहिली; जे अजून आले नव्हते त्यांची मोजदाद त्यांच्या हिशेबात नव्हती. पाण्याचे पाट असोत, गावठाणाच्या जमिनी असोत की संगणकाचे पत्ते असोत, वाटणीच्या वेळी हजर नसलेल्यांचा वाटा कोणी राखून ठेवावयाचा, हा प्रश्न जुनाच आहे. संगणकांच्या बाबतीत सुदैव इतके की, तेथे संख्या वाढवून नवी भूमी निर्माण करता आली. पाणी आणि जमीन यांच्या बाबतीत तशी सोय नाही. म्हणून तेथे वाटणी करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी अधिक सावध असावयास हवे.